मंडलिक सरांचे रिकामे फुगे

परवा ऑफिसात एक खोकं आलं. आत बालहक्कांची पोस्टरं, एक पेनड्राइव्ह आणि ते सगळं कसं वापरायचं याची जाडजूड पुस्तिका. पोस्टरवर गुलाबी गालांचं एक कार्टून पोर. पायात बूट, पाठीला दप्तर, मागे इंद्रधनुष्य. तोंडातून निघालेल्या फुग्यात छापलेलं, 'शिक्षण हा माझा हक्क आहे!' मी ते टेबलावर पसरलं आणि एकदम मंडलिक सरांचा आवाज कानात आला, "ताई, हे पोर कुठलं हो? ह्याला सर्दी कशी नाही?"

खोकं तसंच बंद करून कपाटावर टाकलं. आता तिथं असली सहा खोकी झालीत. वीस वर्षं या कामात काढली आणि खरं सांगते, जीव कंटाळलाय. पोस्टरं बदलतात, अहवालातले शब्द बदलतात, आणि पाड्यावरचं पोर दिवाळी झाली की आईबापाबरोबर द्राक्षाच्या कामाला जातंच. पण सरांबद्दल कोणी विचारलं तर मी अजूनही तासभर बोलेन. कोणी विचारत नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

आमची संस्था अगदी छोटी. गंगापूर रोडला दोन खोल्या, एक प्रिंटर, तोही रुसलेला. काम असं की शाळाशाळांत जाऊन मुलांना त्यांचे हक्क समजावून सांगायचे. समजावून म्हणजे काय, तर मी बोलायची आणि पोरं माझ्या मागच्या भिंतीवरच्या पालीकडे बघत बसायची. मग कोणीतरी सुचवलं की कार्टून काढून घ्या, पोरांना आवडतात. व्यंगचित्र काढणारं माणूस शोधता शोधता आम्हाला मंडलिक सर सापडले. तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती.

सर मूळचे मखमलाबादचे. घर फुलशेतीवालं. भाऊ अजूनही झेंडू आणि गुलाब लावतो, भल्या पहाटे टेम्पो भरून मार्केटला पाठवतो. सर म्हणजे त्या घरातला वाया गेलेला मुलगा, असं तेच सांगायचे. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पुढे देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत चित्रकलेचे शिक्षक म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. उंच, थोडे वाकलेले, डावा गुडघा कामातून गेलेला. शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. आणि खांद्याला अडकवलेला प्लंबिंगचा चार इंची पाइप, दोन्ही टोकांना झाकणं लावलेला. चित्रं चुरगळू नयेत म्हणून ती त्यात गुंडाळून ठेवलेली असायची.

हरसूलच्या बसमधला एक कंडक्टर त्यांना दर वेळी छेडायचा, "काका, आज कुठं नळ बसवायचाय?"

"जिथं तुंबलंय तिथं," सर म्हणायचे आणि खिडकीची जागा पकडायचे. खिडकीशिवाय ते बसमध्ये बसत नसत. मळमळायचं त्यांना. घाटात दोनदा मी त्यांची पाठ चोळलेली आहे.

वर्गात मात्र वेगळंच काहीतरी व्हायचं. सर 'हक्क' हा शब्द उच्चारायचेच नाहीत. आमच्या फायलीत स्पष्ट लिहिलेलं की प्रत्येक सत्रात अमुक इतके हक्क सांगितले गेले पाहिजेत. मी त्यांच्याशी यावरून किती भांडले असेन! ते म्हणायचे, "फार जड शब्द आहे ताई. मोठ्यांना उचलत नाही, पोरांच्या डोक्यावर कशाला ठेवता? तुम्हाला म्हणायचा तर म्हणा. मी चित्र काढतो."

आणि काढायचे. फळ्यावर मोठा कागद लावायचे, जाड मार्कर घ्यायचे आणि माणूस पायापासून सुरू करायचे. आधी पाय, मग गुडघे, मग पोट, चेहरा सगळ्यात शेवटी. पोरं ओरडत असायची, "सर, कोन हाय तो? सर, पोरगा का पोरगी?" सरांचं पोर अनवाणी असायचं, नाकाला शेंबूड, चड्डीला सेफ्टी पिन. चेहरा झाला की वर्गात एकच कल्ला व्हायचा, कारण तसं दिसणारं एक तरी पोर पुढच्या रांगेत बसलेलंच असायचं. मग त्या चित्रातल्या पोराच्या तोंडाशी सर एक मोठा फुगा काढायचे आणि रिकामा ठेवायचे. तसंच छोटं चित्र छापलेले कागद वाटायचे आणि म्हणायचे, "हा काय म्हणतोय ते तुम्ही लिहा. मला माहीत नाही."

ही रिकाम्या फुग्याची तऱ्हा त्यांना कॅम्पातल्या शाळेत सापडली. तिथं ते दर शनिवारी व्हरांड्यातल्या फळ्यावर एक कार्टून काढायचे. एका शनिवारी घंटा झाली, शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला आणि फुग्यात लिहायचं राहून गेलं. सोमवारी येऊन बघतात तर खडूने कोणीतरी वाकड्या अक्षरात लिहिलेलं, 'पप्पा अब कब आएंगे?' फौजींची पोरं ती. कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"आणि मी काय लिहिणार होतो माहितीये?" सर हे सांगताना दर वेळी कपाळाला हात लावायचे. "'शाळेचा परिसर स्वच्छ ठेवा.' घ्या! तेव्हापासून फुग्यात लिहिणं सोडलं."

त्र्यंबकच्या पुढे एका शाळेत त्यांनी छडी घेतलेले गुरुजी काढले आणि समोर हात पुढे करून उभं असलेलं पोर. मुख्याध्यापक मागे उभे होते. त्यांना भरघोस मिशा, चित्रातल्या गुरुजींनाही भरघोस मिशा. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे बरं नाही दिसत." मी सरांना खूण केली. सर अगदी अदबीने म्हणाले, "चुकलंच माझं, मिशी काढून टाकतो," आणि पांढऱ्या रंगाने मिशी पुसली. झालं! पोरं बाकांवर चढून नाचायला लागली. मिशी गेल्यावर ते हुबेहूब गणिताचे गुरुजी झाले होते. गणिताचे गुरुजी दारातच चहाचा कप घेऊन उभे. त्या शाळेने आम्हाला परत बोलावलं नाही. परतीच्या बसमध्ये मी सरांशी बोलत नव्हते आणि ते खिडकीशी तोंड करून खुदुखुदु हसत होते.

आता सहीचं सांगायला हवं.

पाट्या रंगवायचे तेव्हा सर पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकायचे. सगळेच पेंटर टाकतात. पण रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानदाराने त्यांना ते पुसायला लावलं. "दुकान माझं, नाव तुझं कशाला?" बाप मेल्यावर रडलो नसेन इतका त्या दिवशी रडलो, असं सर सांगायचे. म्हणून त्यांचा नियम होता की फुगा लिहून झाला की खाली उजव्या कोपऱ्यात पोराने सही करायची. पूर्ण नाव, चांगल्या मोठ्या अक्षरात. काही पोरं स्वतःचं पूर्ण नाव पहिल्यांदाच एवढं मोठं लिहायची. जीभ बाहेर काढून, कागदाला नाक लावून. सर एकेका बाकाशी वाकून बघायचे आणि म्हणायचे, "वा! आता हे कोणाच्या बापाला पुसता येणार नाही."

पूर्ण नाव म्हणजे आपल्याकडे मधे बापाचं नाव आलंच. त्यात काही वावगं असेल, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

रोहिणी हरसूलजवळच्या एका पाड्यावरची. पाचवीत होती. चेहऱ्यावरून झोपाळू वाटायची, पण गणितं अशी सोडवायची की तिथले गुरुजी तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे, दृष्ट लागेल म्हणून. त्यांनी तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला होता. फेब्रुवारीत परीक्षा. पोरगी चमकली तर तिला एखाद्या चांगल्या निवासी शाळेत घालता येईल, असा त्यांचा हिशेब. अडचण एकच. तिचे आईबाप, काशिनाथ आणि त्याची बायको, दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर जायचे ते उन्हाळ्यातच परत यायचे, आणि घरात वर्षाचं बाळ. ते सांभाळायला दर वर्षीप्रमाणे रोहिणीलाही न्यायचं ठरलेलं. गुरुजी पावसाळाभर काशिनाथच्या दारात जाऊन बसले. शेवटी तो कसाबसा तयार झाला. रोहिणी परीक्षेपर्यंत आजीजवळ राहील, बाळाचं आम्ही बघू काहीतरी, म्हणाला.

दिवाळीच्या आधी आम्ही त्या शाळेत गेलो होतो. सरांनी त्या दिवशी कडेवर बाळ घेतलेली पोरगी काढली, आणि लांब कोपऱ्यात शाळेची घंटा. रोहिणीने फुग्यात लिहिलं, 'मला शाळेत यायचं. बा म्हणतो बाळ धर. बाळ मी नाय आणलं. बा नी आईनी आणलं. मग धरायचं मीच का?' आणि खाली ठसठशीत, रोहिणी काशिनाथ भोये.

सर हसून हसून खोकायला लागले. डोळे पुसत म्हणाले, "ताई, तुमच्या पुस्तिकेत आहे का हे असलं काही?"

नव्हतंच. म्हणून तर मला ते प्रदर्शनात हवं होतं. प्रदर्शनाची कल्पना माझी, हे आधीच सांगून टाकते. वर्षाच्या अहवालाला फोटो पाहिजे होते. मी ठरवलं की दिवाळीनंतरच्या बाजाराच्या दिवशी हरसूलला सगळ्या शाळांची चित्रं लावायची. गर्दी आयती मिळते. सुतळी बांधताना माझ्या मनात आलं होतं. मी म्हटलंही, "सर, नावांवर पट्ट्या चिकटवू या का?"

सर चिडले. "पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा सही केलीये आणि तुम्ही त्याच्यावर पट्ट्या लावा!"

तेव्हा वाद घालता आला असता. माझं ऐकलंही असतं त्यांनी, तासभर कुरकुर करून. पण मी दमले होते. पाच वाजता उठून आलेली, चहाही नीट मिळाला नव्हता. मी म्हटलं, "बरं, राहू दे." ते 'राहू दे' अजून मला टोचतं.

बाजारात आमच्या सुतळ्यांभोवती ही गर्दी! बायका पाटी डोक्यावर तशीच ठेवून चित्रं बघत होत्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक कॉलेजातला पोरगा मोठ्याने वाचून दाखवायला लागला. मला बरंच वाटलं, मी त्याचा फोटोही काढला. तो एकेक वाचत रोहिणीच्या कागदापाशी आला. 'बाळ मी नाय आणलं. बा नी आईनी आणलं.' पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग गडीमाणसं हसली. त्याने पुन्हा वाचलं, आणखी रंगवून, आणि शेवटी खालचं नावही वाचलं. कोणीतरी ओरडलं, "आरं, हा तं आपला काश्या! ए काशिनाथ, बाळ कोनी आणलं रं?"

काशिनाथ तिथंच होता, सुकटीच्या दुकानासमोर, हातात पिशवी. बाजाराचा बाजार त्याच्याकडे बघून हसत होता. मला वाटलं आता हा कागद फाडणार, आम्हाला शिव्या देणार. तो गर्दीतून वाट काढत सरांपुढे येऊन उभा राहिला.

"तुमी लावलं?"

"हो," सर म्हणाले.

"काय लिवलंय ते परत वाचा. हळू वाचा."

सरांनी वाचलं. त्यांचा आवाज शेवटी शेवटी इतका बारीक झाला की मला पलीकडून ऐकू आला नाही. काशिनाथने मान हलवली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेला.

तीन दिवसांनी गुरुजींचा फोन. काशिनाथ बायकोपोरांसह कामाला निघून गेला होता. रोहिणीलाही घेऊन. गुरुजी मला जे बोलले ते मी विसरणार नाही. "तुम्ही येता, चित्रं काढता, फोटो काढता आणि जाता. मी त्या माणसाच्या दारात चार महिने बसलो होतो, मॅडम."  

सरांना सांगितलं तेव्हा ते ऑफिसात खाली सतरंजीवर बसून कागद लावत होते. त्यांनी कटर घेतलं आणि एकेका कागदाचा उजवा कोपरा कापायला सुरुवात केली. चारशेच्या वर कागद होते. मी म्हटलं, "सर, आता काय उपयोग?" ते म्हणाले, "काही नाही. माहितीये मला." आणि कापत राहिले. त्यानंतर त्यांनी आमच्यासाठी एकही चित्र काढलं नाही. शाळांतून फोन यायचे, कार्टूनवाले काका कधी येणार म्हणून. मी थापा मारायची.

सर काशिनाथला शोधत होते. सकाळी दिंडोरीची बस पकडायची, कुठल्यातरी फाट्यावर उतरायचं आणि बागांमधून विचारत फिरायचं, हरसूलकडची माणसं कुठं उतरलीत म्हणून. त्या गुडघ्याने! त्यांची मुलगी मला नांदगावहून फोन करून रागवायची, "तुम्हीच पाठवता ना त्यांना?" मी पाठवत नव्हते, पण थांबवतही नव्हते. शेवटी पत्ता लागला तो भावाच्या फुलांच्या टेम्पोवाल्याकडून. त्याने एका बागेवर कडेवर बाळ असलेली पोरगी बघितली होती. तशा पोरी तिकडे प्रत्येक बागेवर असतात, पण ही टेम्पोच्या नंबराची बेरीज करून दाखवत होती म्हणे. सर म्हणाले, "तीच."

त्या दिवशी मीही बरोबर गेले. मांडवाच्या तारेला झोळी बांधलेली, त्यात बाळ. रोहिणी खाली बसून पायाने झोका देत होती आणि हाताने माश्या हाकलत होती. सरांना बघितलं तशी उठून वेलांच्या मागे गेली. सरांनी तिला हाक मारली नाही.

बागायतदार मोटरसायकलवरून आला. आमचा अवतार बघूनच त्याने ओळखलं. "बालमजुरीची केस करायला आलात का? पोरगी काम नाही करत, आधीच सांगतो."

"नाही हो," सर म्हणाले. "माझ्या हातून चूक झालीये. माफी मागायची आहे या काशिनाथची."

त्या माणसाने गाडी बंद केली. खाली उतरला आणि म्हणाला, "चहा घेता का?"

काशिनाथ आमच्याशी ठेवणीतली भाषा बोलायचा, घरची नाही. एरवीही कमीच बोलायचा. सरांनी हात जोडले. "काशिनाथदादा, माझं चुकलं. त्याची शिक्षा पोरीला नको."

"शिक्षा कुठं केली? हात नाय लावला मी तिला." तो हातातली कात्री पुसत होता. "पोरगी खोटं नाय लिवली. लोक हासली, ती इसरतील. पर सर, तुमी तिला इचारलं, तुला काय पायजे. लय चांगलं केलं. आमाला कोनी इचारलं? आमी दोघं दिवसभर वर हात करून उभं राहतो. तिला शाळेत घातली, तर बाळाला धरायचं कोनी? तेचं चित्र काढा ना."

पाइप सरांच्या खांद्यालाच होता. त्यांनी त्याला हातही लावला नाही. मी तोंड उघडलं होतं, पाळणाघराच्या योजनेबद्दल काहीतरी सांगायला. मग मिटलं. ती योजना कुठं चालू आहे हे मला विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

"परीक्षेचा दिवस द्या," सर म्हणाले. "एकच दिवस. आदल्या दिवशी मी स्वतः येऊन नेतो, दुसऱ्या दिवशी आणून सोडतो."

काशिनाथने त्यांच्याकडे, त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं. "नेता? मग दोघांना न्या. तिच्याबिगर बाळ कोनाकडं राहत नाय, आईकडंबी नाय. आन् आता माल उतरायला लागंल, आमाला इथनं हालता येनार नाय."

मी ते नकार म्हणूनच ऐकलं. सर म्हणाले, "नेतो."

निघताना रोहिणी वेलांमागून बाहेर आली. सरांकडे न बघता म्हणाली, "मी परत काही लिवनार नाय."

"माझ्या कागदावर नको लिहूस," सर म्हणाले. "पेपर लिही."  परतीच्या बसमध्ये सरांनी खिडकीची जागा मला दिली, आणि मी वेड्यासारखी तीत बसले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण वाचणारा तेच आधी विचारील. रोहिणी पास झाली, गुणवत्ता यादीत नाव आलं नाही. निवासी शाळेचं राहिलं. पुढच्या दिवाळीनंतर ती पुन्हा बागेवर गेली. त्याच्या पुढच्या वर्षी गेली नाही, कारण तोवर बाळ मोठं झालं होतं, धरायची गरज उरली नव्हती. आमच्यामुळे झालं म्हणून मी अहवालात लिहिलं, खोटं कशाला बोलू. आता ती हरसूलला आठवीत आहे. सरांचा गुडघा त्या वर्षीच पूर्ण बसला आणि मुलीने त्यांना नांदगावला नेलं. मी फोन करते. वाजतो, ते उचलत नाहीत. मुलगी म्हणते, बाबा बरे आहेत, नुसते बसून असतात. मला राग येतो त्यांचा, आणि मग रडूही येतं. जायला हवं मी एकदा नांदगावला. जाईन जाईन म्हणता अडीच वर्षं झाली.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या परीक्षेच्या दिवशी.

सकाळी मला एक मीटिंग होती, ती टाळता आली असती, टाळली नाही. हरसूलच्या परीक्षा केंद्रावर पोचले तेव्हा पहिला पेपर संपून मधली सुट्टी चालली होती. सर व्हरांड्याच्या पायरीवर बसलेले, दाढी वाढलेली, शर्टावर दुधाचे आणि बिस्किटाचे डाग. आदल्या दिवशी तीन बस बदलून दोघांना घेऊन आले होते. पहिल्या पेपरभर बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं आणि ते जागचे हललेही नव्हते. "मुंग्या आल्यात," एवढंच म्हणाले. रोहिणीने बाळाला भात भरवला, तोंड पुसलं, त्याची नजर चुकवून दुसऱ्या पेपरला आत गेली.

पाचच मिनिटांत बाळाच्या लक्षात आलं. मग त्याने जे रडणं काढलं! मी उचललं, बिस्किट पुढे केलं, सगळं भिरकावून दिलं त्याने. सरांनी पेन काढून स्वतःच्या तळहातावर भराभर एक मांजर काढलं, मिशा, शेपूट, सगळं, आणि हात नाचवून दाखवला. बाळाने त्या हातावर फटका मारला आणि आणखी मोठ्याने भोकाड पसरलं.

रोहिणीचा बाक खिडकीशी होता. तिने मान वर केली. हातातलं पेन थांबलं. आतून बाईंचा आवाज आला, "खाली बघ, आपला पेपर लिही." तिने खाली बघितलं आणि पुन्हा वर. मग ती बाकावरून अर्धी उठली.

सरांनी ते बघितलं. पायरीला हात टेकून उभे राहिले, माझ्या हातातून बाळ घेतलं.

"अहो सर, द्या इकडे, तुमचा पाय..."

"तिला ऐकू जातंय," ते म्हणाले. "लांब न्यायला पाहिजे."

आणि फाटकातून बाहेर पडले. भर दुपारचं ऊन, रस्त्यावर सावली म्हणून नाही. डावा पाय ओढत, खांद्यावर लाथा झाडणारं बाळ, ते बाजाराच्या उलट्या दिशेला चालत सुटले. मी खिडकीकडे बघितलं. रोहिणी तशीच अर्धी उभी होती, कान रस्त्याकडे. रडणं शाळेच्या कुंपणापाशी आलं, मग वळणावर, मग त्याच्या पलीकडे. ती हळूच खाली बसली आणि लिहायला लागली.

मी फाटकापर्यंत धावत गेले. सर खूप पुढे गेले होते. आता रडणं मलाही ऐकू येत नव्हतं, आणि ते अजून चालतच होते.